मुरमाड माळावर लाल वाइनची द्राक्षे: गाळ भरावा की दगड तसेच ठेवावेत?

माळावरचा_शेतकरी (दिंडोरी)

नमस्कार मंडळी. दिंडोरी तालुक्यात आमची वडिलोपार्जित नऊ एकर जमीन आहे. त्यातली सहा एकर काळी आणि विहिरीजवळची असून तिथे गेली अठरा वर्षे खाण्याच्या द्राक्षांची, म्हणजे थॉमसनची बाग उभी आहे. उरलेली तीन एकर उताराची आणि मुरमाड आहे. वर वीतभर तांबूस माती, तिच्याखाली भुसभुशीत मुरूम, आणि या सगळ्यात डोक्याएवढ्या धोंड्यांपासून सुपारीएवढ्या खड्यांपर्यंत दगडच दगड. आजोबांच्या काळी तिथे नागली आणि खुरासणी व्हायची, पुढे तो माळ गुरांना चरायलाच राहिला.

या तीन एकरांत लाल वाइनसाठी सिराह ही द्राक्षाची जात लावण्याचा माझा विचार आहे. गावातल्या जाणत्या मंडळींचा सल्ला असा, की आधी धरणातला गाळ आणून माळावर फूटभर थर द्यावा, सगळे दगड वेचून बांधाला लावावेत आणि मगच द्राक्षाचे नाव काढावे. याउलट एका वायनरीत गेलो असता तिथल्या माणसाने आवर्जून सांगितले, की जगातल्या नामांकित लाल वाइन दगडगोट्यांच्याच जमिनीतून येतात आणि त्या दगडाची चव वाइनमध्ये उतरते, तेव्हा एक खडाही हलवू नका. दोघांनाही माझे भलेच व्हावे असे वाटते, यात शंका नाही. पण दोन्ही सल्ले एकदम पाळता येत नाहीत.

म्हणून विचारतो. गाळ टाकावा का? दगडांमुळे वाइनमध्ये नेमका काय फरक पडतो? आणि थॉमसनच्या बागेतली माझी कोणती सवय या माळावर मला नडेल? शक्य असेल त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

जुनी_बाग (निफाड)

गाळाची एकही ट्रॉली त्या माळावर पसरू नका, हे सर्वांत आधी सांगतो. गाळ वाईट असतो असे माझे म्हणणे नाही. उथळ जमिनीत ज्वारी, कांदा किंवा भाजीपाला घ्यायचा असेल तर गाळासारखे दुसरे काही नाही. पण मुरमावर बारीक चिकण गाळाचा सलग थर दिला, की पाणी त्या थरातच अडकते. बारीक कणांच्या मातीतले पाणी खालच्या भरड मुरमात सहजासहजी उतरत नाही. वरचा थर पूर्ण चिंब झाल्यावरच ते खाली झिरपू लागते. मुळी पाण्याच्या मागे जाते. पाणी वर राहिले की मुळ्याही वरच्या फूटभरात गोधडीसारख्या पसरतात, पावसाळ्यात त्या गुदमरतात आणि मार्चमध्ये तोच थर तडकला की वेल एका आठवड्यात मान टाकतो. शिवाय गाळाच्या कसामुळे काडी जोरात पळते, बगलफुटी आवरत नाहीत, घडावर सावली पडते आणि भुरी या बुरशीजन्य रोगाला आयतेच घर मिळते. लाल वाइनच्या द्राक्षात हे सगळे टाळायचे असते.

त्याऐवजी असे करा. माळावर निदान सहा ठिकाणी, चढावर, मध्यावर आणि पायथ्याशी, चार-चार फुटांचे खड्डे घ्या आणि स्वतः आत उतरून पाहा. मुरूम हाताने किंवा पहारीच्या हलक्या ठोक्याने फुटतो का, जुन्या बोरीबाभळींच्या मुळ्या किती खोल गेल्या आहेत, कुठे पांढरी चुनखडी दिसते का, आणि काळा पाषाण किती फुटांवर लागतो, हे नीट लिहून ठेवा. फुटणाऱ्या मुरमात द्राक्षाची मुळी आनंदाने जाते, सलग पाषाणात ती जाऊ शकत नाही. वरून दोन्ही जमिनी सारख्याच दगडाळ दिसतात, म्हणून खड्ड्यांशिवाय निर्णय घेऊ नका. चुनखडी आढळली तर माती परीक्षणात मुक्त चुन्याचे प्रमाण अवश्य पाहा, कारण ते जास्त असेल तर कोवळी पाने पिवळी पडतात आणि लोहाच्या फवारण्या करून जीव मेटाकुटीला येतो.

ओळीच्या जागी दोन फूट खोल चारी काढा, तीत कुजलेले शेणखत आणि तिथलीच निघालेली माती मिसळून भरा. फार तर थोडा गाळ याच मिश्रणात कालवा, थर म्हणून देऊ नका. ट्रॅक्टरला आडवे येणारे धोंडे बांधाला लावा, पण मुठीएवढे दगड आणि खडे जागेवरच राहू द्या. जूनच्या पहिल्या वळवात उतारावरची माती तेच धरून ठेवतात आणि उन्हाळ्यात त्यांच्याखालची ओल लवकर उडत नाही.

खुंट, म्हणजे ज्या मुळाच्या रोपावर वाइनच्या जातीचे कलम करायचे ते, कोणता, हे ठरवताना घाई करू नका. आपल्याकडे डॉगरिज सर्रास वापरला जातो, पण तो जोमदार आहे. हलक्या, कोरड्या जमिनीत वाइनच्या जातींसाठी ११० रिक्टर अधिक बरा, असा माझा अनुभव आहे. त्याच्या दोन पालकांपैकी एक व्हिटिस रुपेस्ट्रिस ही रानद्राक्षाची जात असून त्या नावाचा अर्थच खडकाळ जागी वाढणारी असा होतो. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात माती आणि पाणी या दोन्हींचे अहवाल घेऊन जा आणि खुंट पक्का करण्याआधी तिथे एकदा बोला. अंतर आठ बाय चार फूट धरलेत, तर एकरी सुमारे १,३६० वेल बसतात.

आता पाण्याविषयी, कारण खरी कसोटी तिथेच आहे. वाइनच्या बागेला पाणी कमी लागते, असे सगळे म्हणतात. ते निम्मेच खरे आहे. युरोपात वेल हिवाळाभर झोपतो. आपल्याकडे तो झोपतच नाही. एप्रिलमध्ये खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी, म्हणजे वर्षातून दोनदा त्याला नवी पालवी काढावी लागते. त्यातली पहिली नेमकी कडक उन्हाळ्यात, आणि पुढच्या हंगामाचे घड ज्या डोळ्यांत तयार होतात ते डोळे त्याच काडीवर घडतात. काळ्या जमिनीत एक पाणी चुकले तरी निभावते. मुरमात एप्रिल-मे महिन्यांत ठिबक चार दिवस बंद पडले, तर पुढच्या फेब्रुवारीत तुम्हाला वांझ काड्या मोजाव्या लागतील. तेव्हा उन्हाळ्याच्या पाण्याची खात्री आधी करा. ओळीत उसाच्या पाचटाचे आच्छादन द्या, आणि पाणी थोडे थोडे पण वारंवार द्या, कारण मुरमाला जास्त पाणी धरून ठेवता येत नाही.

फळछाटणीनंतर मात्र हिशोब उलटा होतो. मणी सेटिंग झाल्यापासून, म्हणजे फुलोऱ्यानंतर मणी धरल्यापासून, मण्यात पाणी उतरेपर्यंत, म्हणजे तो मऊ पडून रंग धरू लागेपर्यंत, वेलाला बेताचा ताण द्यायचा, म्हणजे मणी लहान राहतो. थॉमसनमध्ये आपण मणी फुगवण्यासाठी जिवाचे रान करतो. तीच सवय तुम्हाला इथे नडेल. लाल वाइनचा रंग सालीत असतो, आणि मणी जितका लहान तितके रसाच्या मानाने सालीचे प्रमाण जास्त. म्हणून संजीवकांची, म्हणजे वाढीच्या औषधांची, डिपिंग (घड द्रावणात बुडवणे) नको आणि मणी फुगवणारी खतेही नकोत. एकरी चार ते पाच टनांवर समाधान मानावे. शेंड्याची वाढ थांबली आणि टोकाचे तणावे वाळू लागले, तर ताण पुरेसा झाला असे समजा. घडाशेजारची पाने पिवळी पडू लागली, तर तो जास्त झाला.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगतो. लागवडीआधी वायनरीशी लेखी करार करा. त्यात जात, साखरेचे प्रमाण, दर आणि माल उचलण्याची मुदत या चारही गोष्टी लिहून घ्या. २००९-१० च्या सुमारास वायनरींची मागणी बसली, तेव्हा आमच्या भागात कितीतरी जणांनी उभ्या बागा कुऱ्हाडीने तोडल्या. वाइनचे द्राक्ष बाजार समितीत नेऊन विकता येत नाही, आणि बेदाण्यालाही ते कामाचे नाही.

रोनकाठी (आव्हिन्यों, फ्रान्स)

जुनी_बाग यांनी माळाची बाजू इतकी नेमकी मांडली आहे, की मी फक्त दगडांविषयी लिहितो. मूळची सटाण्याची, पण गेली अकरा वर्षे दक्षिण फ्रान्समध्ये राहते, आणि सहा हंगाम मी शातोनफ द्यु पाप येथील बागांत काढणीला गेले आहे. दगडगोट्यांच्या बागा म्हटले, की वाइनवाल्यांच्या डोळ्यांपुढे याच गावाचे चित्र उभे राहते.

गावाच्या पूर्वेला ला क्रो नावाचे पठार आहे. तिथे उभे राहिले तर माती दिसतच नाही. रोन नदीने फार पूर्वी आल्प्सकडून वाहून आणलेले गुळगुळीत, तांबूस-पिवळे गारगोट्यांचे गोटे, काही तर नारळाएवढे, वेलाच्या खोडापर्यंत दाटीने पसरलेले असतात. सप्टेंबरमध्ये संध्याकाळी सातनंतर त्यांच्यावर तळहात ठेवला, तर ते चुलीवरून नुकत्याच उतरवलेल्या तव्याच्या कडेसारखे ऊबदार लागतात. ही ऊब रात्री घडांना मिळते आणि ग्रेनाश ही तिथली मुख्य जात चांगली पिकते, असे तिथे सांगितले जाते आणि त्यात तथ्यही आहे. पण माझ्या समजुतीप्रमाणे तिथल्या वेलांना जगवते ती गोट्यांखालची लालसर चिकणमाती. पाणी ती साठवते, आणि तिच्या जोरावर वेल कोरडा उन्हाळा काढतात. गोटे तिच्यावर झाकणासारखे असतात. वरचेच छायाचित्र पाहणाऱ्याला ती माती दिसत नाही.

दगडाची चव वाइनमध्ये उतरते, हे मात्र मानू नका. वेल पाण्यात विरघळलेले पोटॅश, कॅल्शियम, मॅग्नेशियम अशी अन्नद्रव्ये घेतो. खडक शोषून घेत नाही. शिवाय मुरूम हा बेसॉल्टचा आणि तिथला गोटा क्वार्ट्झाइटचा. दोन्ही चाटून पाहिले तरी चव लागत नाही. याच गावातल्या सर्वांत नावाजलेल्या बागांपैकी शातो रायास ही बाग वाळूच्या जमिनीत आहे, तिथे गोटे जवळजवळ नाहीतच. बोर्दोचे संशोधक जेरार सेगँ यांनी बोर्दोजवळच्या मेदोक या वाइनच्या भागातल्या खडीच्या जमिनींचा अनेक वर्षे अभ्यास केला, आणि त्यांचाही भर पाण्यावरच होता: जास्तीचे पाणी झटकन निघून जावे, मुळ्या खोल जाव्यात, आणि वेलाला पाणी बेताने पण सतत मिळत राहावे. दगडांचा मोठा उपयोग हाच आहे.

आणि इथेच दिंडोरी आणि रोनकाठ यांच्यातला फरक फार जपून पाहायला हवा. इथे द्राक्ष पिकते ते उन्हाळा सरता सरता. काढणीच्या सुमारास रात्री गार होत जातात, म्हणून दगडातली ऊब हवीहवीशी वाटते. नाशिककडे नेमके उलटे घडते. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत मणी वाढतो आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये, ऊन दिवसेंदिवस चढत असताना, तो पिकतो. जी ऊब इथे वरदान ठरते, तीच तिथे घड भाजू शकते. फार उष्णतेत सालीत रंग नीट तयार होत नाही आणि आम्लताही झपाट्याने उतरते. त्यामुळे खालचे दगड झाकणारे तुमचे पाचट नुसती ओल धरत नाही, ते घडांनाही तापण्यापासून वाचवते. घड जमिनीपासून थोडे उंच ठेवा. ओळी उत्तर-दक्षिण असतील तर पाने काढायची ती फक्त पूर्वेकडची. पश्चिमेकडची पाने दुपारच्या उन्हासाठी राहू द्या.

तुमच्या माळाशी मला जास्त जवळची वाटते ती न्यूझीलंडमधील हॉक्स बे येथील गिम्बलेट ग्रॅव्हल्स. १८६७ च्या पुरानंतर न्गारुरोरो नदीने पात्र बदलले आणि जुने खडीचे पात्र उघडे पडले. ती जमीन कित्येक वर्षे कुचकामी समजली जात होती. आज तिथे ठिबकावर सिराह, मेर्लो आणि कॅबरने सॉव्हिन्यों होतात. शातोनफमध्ये सिंचनावर कडक बंधने आहेत. गिम्बलेटमध्ये पाण्यावाचून चालतच नाही, आणि तुमचेही तसेच होईल.

टाकीघर (नाशिक)

मी एका लहान वायनरीत किण्वनाचे काम पाहतो. माळावरची द्राक्षे टाकीत आल्यावर कशी वागतात, तेवढेच लिहितो, कारण जमिनीची गोष्ट बांधावर संपत नाही.

माळावरच्या सिराहचा पहिला माल आमच्याकडे आला, त्या वर्षी मी चूक केली. मणी लहान, साल जाड, रंग इतका गडद, की क्रेट रिकामे केल्यावर हात दोन दिवस जांभळे राहिले. मी खूश होतो. चौथ्या दिवशी टाकीचे झाकण उघडले तर नासक्या अंड्याचा वास आला. हलक्या, सेंद्रिय पदार्थ कमी असलेल्या जमिनीतल्या रसात बऱ्याचदा नत्र कमी असते. यीस्टला पुरेसे नत्र मिळाले नाही, की त्यातून हायड्रोजन सल्फाइड तयार होतो आणि किण्वन रखडते. काळ्या जमिनीच्या रसात मला हा त्रास कधी झाला नव्हता, म्हणून मी तपासणीच केली नव्हती. त्यानंतर माळावरच्या प्रत्येक टाकीचा नत्राचा अहवाल आधी घेतो आणि गरजेप्रमाणे डायअमोनियम फॉस्फेट दोन हप्त्यांत देतो. शेतकऱ्याने बागेत हिरवळीचे खत आणि शेणखत नेमाने दिले, तर ही वेळ येतच नाही. जमीन हलकी असावी, उपाशी असू नये.

काढणीची तारीख नुसत्या ब्रिक्सवर, म्हणजे रसातल्या साखरेच्या मापावर, ठरवू नका. माळावर ताण वाढला की काही मणी सुकू लागतात आणि साखर पिकण्यामुळे नव्हे तर पाणी उडाल्यामुळे वाढते. रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे साखर मोजायचे यंत्र, २४ दाखवतो, पण बी दाताखाली घेतले तर ते हिरवट आणि चिवट लागते. पिकलेले बी तपकिरी असते आणि खुसखुशीत फुटते. मी रोज सकाळी माळाच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या पट्ट्यातून वेगवेगळे शंभर-शंभर मणी आणतो, साल चावून पाहतो, बी फोडतो आणि मगच सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचे माप; आकडा चढला की आम्लता कमी) मोजतो. सुकलेल्या मण्यांतली साखर रसात उतरायला एक-दोन दिवस लागतात, म्हणून पहिल्या दिवशीचा आकडा नेहमी कमी दिसतो. त्यावर विसंबून राहिलात, तर मद्यार्क अपेक्षेपेक्षा टक्काभर जास्त निघतो.

सामूविषयी वेगळे सांगायला हवे. आपल्या उष्णतेमुळे आणि रसात उतरणाऱ्या पोटॅशमुळे लाल द्राक्षांचा सामू चढतो, तो ३.८ च्या पुढे गेला, तर वाइनचा रंग फिका पडतो आणि ती टिकतही नाही. टार्टारिक आम्ल किण्वनापूर्वीच द्यावे, नंतर दिलेले चवीत वेगळे लागते. मी ३.६ च्या आसपास आणण्याचा प्रयत्न करतो. पण शेतकऱ्यांना माझी विनंती आहे, की फळछाटणीनंतर पोटॅशची खते देठ परीक्षण (पानांच्या देठांतील अन्नद्रव्यांची तपासणी) केल्याशिवाय देऊ नयेत. थॉमसनच्या बागेत गोडीसाठी ती हात सैल सोडून दिली जातात.

उरलेले काम थोडक्यात सांगतो. काढणी पहाटे, लहान क्रेटमध्ये करावी, आणि माल नऊच्या आत पोहोचावा. देठ काढून मणी टाकीत घ्यावेत. २५ ते २८ अंशांत किण्वन ठेवावे. साली वर तरंगून घट्ट थर धरतात, तो थर दिवसातून दोनदा रसाने भिजवावा. इथे माळाचा माल असेल तर हात हलका ठेवा: साली जाड आणि मणी लहान असल्यामुळे तुरटपणा आपसूकच भरपूर उतरतो, जोराने ढवळले तर जीभ आखडते. आठ-दहा दिवसांनी चोथा दाबून वेगळा करावा, मॅलोलॅक्टिक, म्हणजे जिवाणूंकडून होणारे आम्ल सौम्य करणारे दुसरे किण्वन, पूर्ण होऊ द्यावे, आणि जुन्या ओक पिंपात वर्षभर ठेवावे. नव्या पिंपाचा वास अशा वाइनवर स्वार होतो, असे माझे मत आहे. स्वतः वाइन बनवण्याचा विचार असेल, तर राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना आधी हवा. तोपर्यंत द्राक्षे परवानाधारक वायनरीलाच द्यावीत.

माळावरचा_शेतकरी (दिंडोरी)

आपण तिघांनीही इतका वेळ देऊन लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. काल आणि परवा जेसीबी बोलावून सहा खड्डे घेतले. चार खड्ड्यांत मुरूम चार फुटांपर्यंत पहारीने फुटतो, आणि एका ठिकाणी बोरीची करंगळीएवढी मुळी साडेतीन फुटांवर, दोन दगडांच्या फटीतून सरळ खाली गेलेली दिसली. ती पाहून वडील बराच वेळ खड्ड्याच्या काठाशी बसून होते. पायथ्याच्या खड्ड्यात चुनखडीचे पांढरे खडे निघाले. सहाव्या खड्ड्यात, म्हणजे वरच्या कोपऱ्यात, दीड फुटावरच काळा पाषाण लागला. गाळाचा विचार सोडला आहे. आता दोनच शंका आहेत: या वरच्या कोपऱ्याचे काय करावे, आणि लागवड केव्हा धरावी?

जुनी_बाग (निफाड)

वरच्या कोपऱ्यात वेल लावू नका. दीड फूट मुरमावर तो दोन पावसाळे हिरवा दिसेल आणि तिसऱ्या उन्हाळ्यात जाईल. बांधाला न मावणारे धोंडे तिथे रचा, ठिबकाचा फिल्टर आणि खताची टाकीही तिथेच बसवा, म्हणजे उताराचा फायदा मिळेल. पायथ्याची माती वेगळ्या पिशवीत भरून तपासणीला द्या. चुना जास्त निघाला तर त्या पट्ट्याचा खुंट वेगळा घ्यावा लागेल, म्हणून अहवाल येईपर्यंत रोपांची मागणी नोंदवू नका. खुंटरोपे फेब्रुवारी-मार्चमध्ये लावा, पावसाळ्यात ती बांबूला बांधून सरळ वाढवा, आणि ऑगस्टच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत काडी पेन्सिलीएवढी झाली की सिराहचे कलम करा. चाऱ्या मात्र याच उन्हाळ्यात काढून उघड्या ठेवा, एक पाऊस त्यांच्यात पडू द्या, आणि पहिल्या जोरदार सरीनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन कोणत्या चारीत पाणी तुंबले आहे ते पाहून या.